दोन बचावपटूंची बॉक्सिंग लढत कशी वाचावी? आधी विचारा, पहिला ठोसा कोणाला मारावा लागणार

शनिवारी रात्री लास वेगासला होणारी मोठी लढत बडोद्यात रविवारी सकाळी साडेआठ-नऊला रंगात येते. रावपुरा, दांडिया बाजारच्या बाजूला मराठी घरांत तोवर कोणीतरी सेव-उसळ आणायला बाहेर पडलेलं असतं आणि परत आल्यावर दारातूनच विचारतं, "पडला का रे कोणी?" ठोशाला ठोसा देणारे दोघे असतील तर काहीतरी सांगण्यासारखं घडलेलं असतं. दोघंही बचावात मुरलेले असतील तर बाराव्या राउंडपर्यंत कोणी पडत नाही आणि सोफ्यावरचे निम्मे लोक आंघोळीला उठतात.

त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. काही लढती खरोखरच रटाळ असतात. पण कोणती लढत थिजणार, कोणती शेवटच्या तीन राउंडमध्ये पेटणार आणि कोणती सहाव्या राउंडला एकतर्फी झालेली असेल, हे बऱ्याच प्रमाणात आधी ओळखता येतं. त्यासाठी "हा डिफेन्सिव्ह आहे" एवढ्यावर थांबून चालत नाही. बचाव कोणत्या जातीचा, आणि तो चालू राहायला समोरच्याकडून काय मिळावं लागतं, हे बघावं लागतं.

ज्यांचं बालपण आखाड्याच्या आसपास गेलं त्यांना हे लवकर कळतं. आखाडे चालवणाऱ्या जुम्मादादांच्या आणि प्रो. माणिकरावांच्या या गावात कुस्ती बघणारी पिढी अजून शिल्लक आहे. तोडीस तोड दोन मल्लांची खडाखडी चालू असते तेव्हा नवखा माणूस "लागली का नाही अजून?" म्हणून चुळबुळतो आणि जाणकार हात कुठे पडतोय, मान कोण झुकवतोय ते बघत असतो. ठोशांची लढतही बडोद्याला परकी नाही. 1860 च्या दशकात खंडेराव गायकवाडांच्या काळात इथे आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने मुठीत शिंगाची नखं बांधून होणाऱ्या वज्रमुष्टीच्या लढती पाहिल्या आणि त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात बचाव चुकला की गालच फाटायचा. आजचं बॉक्सिंग त्यामानाने सोसायटीतला कार्यक्रम आहे.

पायरी पहिली: बचावाची जात ओळखा

लढतीच्या आठवड्यात दोघांच्याही जुन्या लढतींपैकी प्रत्येकी दोन निवडा. एक सहज जिंकलेली, एक अडचणीची. अख्खी लढत बघायला वेळ नसेल तर चौथा ते सहावा आणि मग अकरावा राउंड बघा. सुरुवातीला सगळेच नीटनेटके असतात. दमल्यावर माणूस ज्या बचावाकडे वळतो, तो त्याचा खरा बचाव.

ढोबळमानाने चार जाती सापडतात. पहिली पायांची: समोरच्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहायचं, त्याने ठोसा टाकला की अर्धं पाऊल मागे किंवा बाजूला, आणि ठोसा परत जाताना त्याच्या मागोमाग आपला. दुसरी कमरेची आणि खांद्याची: उभं जवळच राहायचं, पण डोकं आणि धड हलवून ठोसा घसरवून टाकायचा. शोल्डर रोल यातलाच. डावा हात खाली पोटापाशी, उजवा हनुवटीपाशी, डावा खांदा वर, आणि ठोसा आला की खांद्यावर घेऊन वळवून द्यायचा. तिसरी भिंतीची: दोन्ही हात वर, कोपरं बरगड्यांना, काहीही येवो, दंडा-मनगटावर झेलायचं. चौथी मिठीची. तिला बरेच लोक बचाव मानतच नाहीत, पण ती फार मोठी कला आहे. समोरच्याने अंतर तोडलं की आत शिरून त्याचे हात बांधायचे, डोकं त्याच्या छातीला लावायचं, वजन टाकायचं आणि रेफरीने सोडवेपर्यंत त्याची लय मोडायची.

कोणीही एकाच जातीचा नसतो, पण एक मुख्य असते. फ्लॉइड मेवेदरचं उदाहरण बघा. त्याची ओळख शोल्डर रोलची, पण 2 मे 2015 ला मॅनी पॅकियाओसमोर त्याने तो जपूनच वापरला. कारण पॅकियाओ डावखुरा, म्हणजे उजवा हात-पाय पुढे ठेवून उभा राहणारा. उजव्या हाताच्या क्रॉससमोर (मागच्या हाताचा सरळ ठोसा) डावा खांदा छान आडवा येतो, डावखुऱ्याचा सरळ डावा मात्र दुसऱ्या बाजूने येतो आणि तिथे खांदा नसतो. मग मेवेदरने अंतर, दोन्ही हात वर आणि मिठी यांवर भर दिला आणि पुढाकार घेताना थेट उजवा मारला. कॉम्प्यूबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीत त्याचे 148 ठोसे लागले, पॅकियाओचे 81. ही मोजणी माणसं रिंगकडे बघून बटणं दाबून करतात, तेव्हा एकेका आकड्यावर जीव टाकू नये. दिशा कळायला पुरते.

पायरी दुसरी: त्या बचावाचा खुराक कोणता

सगळ्या लेखात एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

प्रत्येक बचाव कशावर तरी जगतो. पायांवर जगणाऱ्याला जागा लागते आणि दम लागतो. रिंग लहान असली की त्याचा निम्मा खुराक तिथेच कापला जातो, म्हणूनच मोठ्या लढतींच्या करारात रिंग किती फुटांची यावरून ताणाताणी होते. खांदा-कमरेवाल्याला समोरच्याचा ठोसा लागतो. ठोसा आलाच नाही तर तो घसरवणार काय आणि उत्तर कशाचं देणार? भिंतवाल्याला समोरच्याकडून काही लागत नाही, तो भिंत घेऊन पुढे चालू शकतो. पण हात झेलण्यात गुंतले की मारायला उरत नाहीत, ही त्याची किंमत. मिठीवाल्याला रेफरी लागतो, म्हणजे सैल रेफरी. मिठी लगेच तोडणारा, ताकीद देणारा, गुण कापणारा रेफरी मिळाला तर त्याचं दुकान बंद.

आता दोघांची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: समोरचा काहीच करत नसेल तर याच्याकडे करण्यासारखं काय आहे? ज्याच्याकडे उत्तर आहे तो लढत चालवणार. दोघांकडेही नसेल तर थिजलेली लढत बघायची तयारी ठेवा.

तशी ती बघायचीच असेल तर 16 नोव्हेंबर 2023 ची शकूर स्टीव्हन्सन आणि एडविन दे लोस सांतोसची लाइटवेट वजनगटातली लढत बघा. दे लोस सांतोसला बचावाचा उस्ताद म्हणता येणार नाही, त्याची ख्याती ठोशाच्या ताकदीची. पण दोघंही डावखुरे, दोघांनाही समोरच्याने आधी यावं असं वाटत होतं. बारा राउंडमध्ये स्टीव्हन्सनचे 65 ठोसे लागले, दुसऱ्याचे 40. कॉम्प्यूबॉक्सच्या नोंदींत बारा राउंडच्या लढतीतला हा सगळ्यात कमी एकत्रित आकडा होता. स्टीव्हन्सन जिंकला, किताब मिळाला, आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. माझ्या मते त्या रात्री त्याच्या बचावात काही खोट नव्हती. खोट जोडीत होती.

पायरी तिसरी: जोड लावून बघा

इथे घाई करू नका. वेगवेगळ्या जाती समोरासमोर आल्या की काय होतं, याचं सगळ्यात उघडं उदाहरण म्हणजे 9 डिसेंबर 2017 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या थिएटरमध्ये झालेली वासिल लोमाचेन्को आणि गिलेर्मो रिगोंदोची लढत. दोघांकडेही दोन-दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं. रिगोंदोची 2000 आणि 2004 ची, लोमाचेन्कोची 2008 आणि 2012 ची. अशी जोडी व्यावसायिक रिंगमध्ये त्याआधी कधी लागली नव्हती. दोघंही डावखुरे, दोघांनाही ठोसा लावणं महाकठीण. कागदावर ही लढत थिजायला हवी होती.

थिजली नाही, एकतर्फी झाली. रिगोंदोचा बचाव वाट बघणारा: मागच्या पायावर वजन, समोरच्याने ठोसा टाकला की कमरेतून खाली वाकून चुकवायचा आणि डाव्या हाताचा एकच खणखणीत काउंटर, म्हणजे उलट ठोसा. त्याचा खुराक म्हणजे समोरच्याचं डोकं पुढे येणं. लोमाचेन्कोने ते दिलंच नाही. तो पुढे आला तो पायांनी, डोकं मागे ठेवून, अर्ध्या-अर्ध्या पावलांनी. हात सतत समोर नाचता, हूल देणारा, रिगोंदोच्या पुढच्या हाताला टपल्या मारणारा. हूल खरी समजून रिगोंदो वाकला की लोमाचेन्को त्याच्या उजव्या खांद्याच्या बाहेरच्या बाजूला पोचलेला असायचा. तिथे रिगोंदोचा डावा पोचत नाही आणि मान वळवेपर्यंत दोन-तीन हलके ठोसे लागून जातात. तिसऱ्या-चौथ्या राउंडला रिगोंदोकडे मिठी मारण्याखेरीज फारसं काही उरलं नाही, सहाव्यात धरल्याबद्दल रेफरीने त्याचा गुण कापला, आणि त्या राउंडनंतर तो डाव्या हाताच्या दुखापतीचं कारण सांगून स्टुलावरून उठलाच नाही. सहा राउंडमध्ये त्याचे 15 ठोसे लागले.

दोन वजनगट वर चढून आल्याने रिगोंदो लहान पडला, हेही खरं. पण त्याच्याच वजनाच्या कोणी तीच हूल, तीच पावलं आणली असती तरी वाकून वाट बघणारा अडकलाच असता. जो बचाव समोरच्याच्या चुकीवर जगतो त्याला खोटी चूक दाखवून हलवता येतं. लढत बघताना हूल कोण देतंय आणि कोण तिला फसतंय, हे ठोशांआधी बघा.

तोच लोमाचेन्को 20 मे 2023 ला डेव्हिन हेनीसमोर आला तेव्हा गणित बदललं. हेनी उंच, हाताचा टप्पा 71 इंच. लोमाचेन्कोचा साडेपासष्ट. हेनीचा बचाव लांब जॅबचा (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पायांचा आहे, त्याला समोरच्याने पुढे येण्याची गरज नाही. जॅब ठेवायचा, आत आला की मिठी मारायची. त्यात त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. डोकं हलत असलेल्या माणसाच्या डोक्यामागे न लागता तो उजव्या हाताने सरळ पोटात मारत राहिला. धड डोक्याइतकं हलत नाही. पोटातले ठोसे टीव्हीवर काही विशेष दिसत नाहीत, पण त्यांनी लोमाचेन्कोची आत शिरण्याची हौस काही राउंड तरी कमी केली. तरी शेवटच्या तिसऱ्या भागात लोमाचेन्कोने पावलं जमवून हेनीला हलवलंच. निकाल तिन्ही जजकडून हेनीच्या बाजूने, 116-112, 115-113, 115-113, आणि त्यावर वाद अजून मिटलेला नाही. मी ती लढत लोमाचेन्कोला देतो, पण भांडणार नाही. दोघांच्या शैली एकमेकांना इतक्या नेमक्या छेद देणाऱ्या होत्या की चार राउंड कोणीही कोणालाही द्यावेत.

दोघांचाही बचाव जवळूनच चालत असेल तर मजाच. 13 डिसेंबर 1991 ला अटलांटिक सिटीत जेम्स टोनी आणि माइक मॅकॅलम मिडलवेट किताबासाठी भिडले. दोघंही चुकवण्यात पटाईत, पण दोघांनाही दूर जायचं नव्हतं. कपाळाला कपाळ लागावं इतक्या जवळ उभं राहून खांद्यावर झेलणं, चुकवणं, पोटात हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा), वर अपरकट (खालून वर मारलेला), आणि परत झेलणं. बारा राउंड संपले आणि लढत बरोबरीत सुटली. "बचावपटूंच्या लढती रटाळ" म्हणणाऱ्याला ही एक लढत दाखवावी. अंतरावर दोघांचं एकमत होतं, म्हणून खुराक दोघांनाही भरपूर मिळाला.

त्याच टोनीसमोर 18 नोव्हेंबर 1994 ला रॉय जोन्स ज्युनियर आला आणि त्याने ते अंतर द्यायलाच नकार दिला. लांबून झेप घेऊन डावा हुक, आणि टोनी उत्तर देईपर्यंत जोन्स पसार. तिसऱ्या राउंडला टोनी पडलाही. जवळ राहून चुकवणाऱ्याला जवळ येऊच दिलं नाही तर त्याची सगळी कला कपाटात राहते.

भिंत आणि मिठी यांची जोड बघायला मात्र संयम लागतो. 21 जुलै 2007 ला बर्नार्ड हॉपकिन्स आणि विंकी राइट भिडले. राइटची दोन हातांची भिंत आणि डावखुरा जॅब जगप्रसिद्ध. हॉपकिन्सने भिंत फोडायचा नाद केला नाही. एक ठोसा मारून आत शिरायचं, धरायचं, डोकं लावायचं. तिसऱ्या राउंडला डोक्याला डोकं आपटून राइटची भुवई फाटली आणि निकाल हॉपकिन्सकडे गेला. बघायला कुरूप, शिकायला उत्तम. एकदा बघा, दुसऱ्यांदा बघायची सक्ती नाही.

आणि 13 सप्टेंबर 2025 ची टेरेन्स क्रॉफर्ड आणि कनेलो अल्वारेझची लढत बऱ्याच जणांनी इथे रविवारी सकाळी पाहिली असेल. कनेलोचं धड आणि मान हलवणं आजच्या काळात वरच्या दर्जाचं, पण पाय जड. तो उभ्या जागी चुकवतो आणि उभ्या जागेवरून मारतो. क्रॉफर्ड 154 पौंडांवरून 168 वर आलेला, तरी त्याने ताकदीची चिंता पायांवर सोपवली. डावखुऱ्या पवित्र्यातून जॅब, दोन-तीन ठोसे, आणि कनेलोने उत्तर देण्याआधी जागा सोडून दिलेली. जिंकला क्रॉफर्ड, 116-112, 115-113, 115-113. उभ्या जागी चुकवणाऱ्याला प्रत्येक वेळी नवी जागा शोधायला लावली की त्याचा बचाव शाबूत राहतो, पण काउंटर उशिरा पोचतो.

पायरी चौथी: पवित्रा आणि पुढचा पाय

एक साधा उपाय सांगतो. पहिल्या राउंडला टीव्हीचा वरचा अर्धा भाग वर्तमानपत्राने झाका. घरचे हसतील, हसू द्या. फक्त पाय दिसले पाहिजेत. तीन मिनिटांत जे कळतं ते समालोचक बारा राउंडमध्ये सांगत नाहीत. ते बहुतेक वेळ हातांबद्दलच बोलतात.

दोघांचा पवित्रा सारखा असेल, म्हणजे दोघंही उजवे किंवा दोघंही डावखुरे, तर पुढचे हात एकमेकांच्या जॅबच्या वाटेत फारसे येत नाहीत. अशा वेळी जॅबची लढाई निर्णायक ठरते आणि ज्याचा हात लांब त्याला फायदा. एक उजवा आणि एक डावखुरा असेल तर पुढचे पाय समोरासमोर येतात, पुढचे हात एकमेकांत अडकतात आणि जॅब टाकणं अवघड होतं. मागचा हात मात्र सरळ रेषेत मोकळा होतो. म्हणून दोघंही आपला पुढचा पाय समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर टाकायला बघतात. उजव्याचा डावा पाय डावखुऱ्याच्या उजव्या पायाबाहेर पडला, तर त्याचा उजवा हात समोरच्याच्या छातीच्या मधोमध बघतो आणि समोरच्याचा डावा खांद्याबाहेरून जातो.

वर्तमानपत्र लावून मोजा: बाहेरचा पाय जास्त वेळा कोणाला मिळाला? आणि मिळाल्यावर त्याने मारलं का? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. बचावपटूंपैकी काहीजण बाहेरची जागा मिळवतात ती केवळ सुरक्षित राहण्यासाठी, तिथून मारत नाहीत. असा माणूस सुंदर दिसतो आणि जजच्या कागदावर मागे पडतो.

आणखी एक खूण मागच्या पायाच्या टाचेची. टाच टेकलेली असेल तर माणूस बसला आहे, ठोसा झेलायला किंवा काउंटर मारायला तयार. टाच उचलून हलकी नाचत असेल तर तो जागा सोडण्याच्या बेतात आहे. नवव्या-दहाव्या राउंडला पायांवर जगणाऱ्याची टाच टेकायला लागली की दूध उतू जायच्या आधीसारखं डोळ्यांत तेल घालून बघा. 18 मे 2024 ला रियाधमध्ये टायसन फ्युरीसारखा 6 फूट 9 इंचांचा, कमरेतून मागे झुकून ठोसे चुकवणारा माणूस मधल्या राउंडांत ओलेक्झांडर उसिकवर रुबाब गाजवत होता. नवव्या राउंडला मागे झुकायला जागाच उरली नाही, उसिकच्या डाव्या हाताने त्याला दोरांवर नेऊन आपटलं आणि रेफरीने उभ्या उभ्या गणती केली. निकाल 115-112, 114-113 असा उसिककडे गेला, तिसऱ्या जजने 114-113 फ्युरीला दिलं. त्या गणतीमुळे फ्युरीचा गुण गेला नसता तर निकालही वेगळा लागला असता.

पायरी पाचवी: लढत चालू असताना काय टिपायचं

आवाज बंद करा. समालोचक एकदा एखाद्याच्या प्रेमात पडला की त्याचा हुकलेलाही ठोसा लागतो, आणि गर्दीचा आरडाओरडा त्याहून फसवा.

वहीचं पान घ्या, प्रत्येक राउंडला एक ओळ. ठोसे मोजू नका, मोजता येत नाहीत. चारच गोष्टी लिहा. देवाणघेवाण बहुतेक वेळा कोणी सुरू केली. स्वच्छ लागलेले दोन-तीन ठोसे कोणाचे, आणि त्यातले पोटात किती. राउंड संपताना रिंगच्या मधोमध कोण आणि दोरांपाशी कोण. आणि कोणाला आपला नेहमीचा बचाव सोडून दुसरा घ्यावा लागला.

ही चौथी नोंद सोन्याची. पाचव्या राउंडला पायांवर जगणारा मिठ्या मारू लागला, खांदेवाला हात वर घेऊन भिंत करू लागला, की समजा त्याचा पहिला खुराक बंद झाला आहे. तो अजून गुणांवर पुढे असेल, तरी पुढच्या तीन-चार राउंडचा कल तुम्हाला कळला. उलट एखाद्याने स्वतःहून, अडचण नसताना शैली बदलली, क्रॉफर्ड पवित्रा बदलायचा तशी, तर ती चाल आहे. फरक ओळखायचा तो वेळेवरून: बदल स्वच्छ ठोसा बसल्यानंतर लगेच झाला की शांतपणे राउंडच्या सुरुवातीला झाला?

शेजारचे गुजराती मित्र "अरे मार ने, मार ने!" ओरडत असतात, त्यांना वहीतलं पान दाखवायला जाऊ नका. सहाव्या राउंडनंतर ते आपणहून विचारतात.

पायरी सहावी: जज काय बघणार

व्यावसायिक लढतीत प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9. जज बघतात त्या गोष्टी चार: स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. कागदावर बचाव आहे, पण नुसत्या चुकवण्याने राउंड मिळत नाही. ठोसे जवळपास सारखे असले की जजची नजर पुढे येणाऱ्याकडे झुकते. 10 सप्टेंबर 1993 ला सॅन अँटोनियोत पर्नेल व्हिटेकरने हुलिओ सेझार चावेझला रात्रभर हवेत ठोसे मारायला लावले. दोन जजनी 115-115 लिहिलं, तिसऱ्याने व्हिटेकरला 115-113 दिलं आणि लढत बरोबरीत सुटली. ती पाहिलेले बहुतेक लोक आजही व्हिटेकरच जिंकला म्हणतात.

दोन बचावपटू असले की अशा काठावरच्या राउंडांची संख्या वाढते. म्हणून अंदाज बांधताना "कोण चांगला" याच्या जोडीला "सारख्या राउंडात कोण जजला दिसेल" हेही लिहा. जॅब टाकत पुढे येणारा दिसतो. मागे सरत एकच सुरेख काउंटर मारणारा दिसतो, पण तो ठोसा जज ज्या बाजूला बसला आहे त्या बाजूने दिसला तरच.

आणि घरचंच मूल रिंगमध्ये असेल तर

हौशी बॉक्सिंगचं गणित निराळं. तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, पाच जज, दोरांच्या आत 6.10 मीटरची रिंग. खडाखडीला वेळच नाही. बारा राउंडमध्ये तीन राउंड अंदाज घेण्यात घालवता येतात, इथे तीन राउंड म्हणजे अख्खी लढत. दर्जेदार ठोसे, तंत्र आणि डावपेचातलं वर्चस्व, आणि लढाऊपणा यांवर गुण मिळतात. वाट बघणाऱ्या दोघांत जो आधी वाट बघणं सोडतो तो बहुतेक वेळा जिंकतो.

आपल्याकडचं चांगलं उदाहरण अमित पंघलचं. उझबेकिस्तानचा हसनबॉय दुस्मातोव 2016 चा ऑलिंपिक विजेता, डावखुरा, अंतर राखून काउंटर मारणारा. 2017 मध्ये पंघल त्याच्याकडून हरला. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम लढतीत मात्र 3-2 ने जिंकला. पंघलही डावखुरा आणि लहान चणीचा. काउंटरवाल्याशी लांबून खेळण्यात त्याचा फायदा नव्हता. ती लढत मुलांना दाखवा, आणि दुस्मातोवचा ठोसा हुकल्यानंतरच्या पुढच्या क्षणाला पंघल कुठे असतो ते बघायला सांगा.

सरावात तीन गोष्टी घाला. पहिली, हूल देऊन थांबायचा सराव: जोडीदारासमोर खांदा किंवा पुढचा हात अर्धा टाकायचा, ठोसा मारायचा नाही, आणि तो काय करतो ते बघायचं. वाकतो, मागे जातो की हात वर घेतो? स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) पहिला अर्धा मिनिट फक्त एवढंच. दुसरी, काउंटरला काउंटर. आपण मुद्दाम जॅब टाकायचा, त्याचं उत्तर येणार हे गृहीत धरून मागे सरायचं आणि त्याच्या उत्तराला आपलं उत्तर द्यायचं. पॅडवर प्रशिक्षकाने जॅबनंतर लगेच पॅड फिरवून मारला की हे हळूहळू अंगात मुरतं. तिसरी, पोट. समोरचा मुलगा डोकं हलवण्यात पटाईत असेल तर पहिल्या राउंडला पुढच्या हाताने सरळ पोटात जॅब, गुडघे वाकवून, डोकं बाजूला ठेवून. उभ्याने पोटात मारणाऱ्याच्या तोंडावर हुक बसतो, हे सांगावं लागत नाही, एकदा बसला की कळतं.

कॉर्नरमधल्या त्या एका मिनिटात मुलाला दहा सूचना देऊ नका. पहिल्या राउंडनंतर एकच विचारा: "तो हुलीला काय करतो?" मूल "वाकतो" म्हणालं तर दुसऱ्या राउंडला हूल देऊन अपरकट. "मागे जातो" म्हणालं तर हूल, एक पाऊल आणि मग लांब सरळ उजवा. "हात वर घेतो" म्हणालं तर हूल आणि पोट. काही सांगता आलं नाही, तर त्याने हूल दिलीच नव्हती. मग दुसऱ्या राउंडची पहिली तीस सेकंदं त्यासाठीच वापरायला सांगा.